ब्रेक ऑईल गळालं आणि आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली

मंडळी, आज सकाळी ताईला आणायला पिंपळगाव राजाहून नांदुरा स्टेशनला कार घेऊन निघालो होतो. आईनं अंगणातच अडवलं.

"चाकाजवळ हे काय गळून राह्यलं?"

"एसीचं पानी असन," मी म्हटलं.

तिनं बोट लावून पाहिलं. "पानी असं तेलकट असते काय बे?"

मी ब्रेक दाबून पाहिला, तर पाय थेट तळाला गेला. तसाच रस्त्यावर निघालो असतो तर?

ताईला ऑटोनं यायला सांगितलं. गावातल्या मेकॅनिक काकांनी येऊन ब्रेकचा फुटका पाइप बदलला. मग ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा काढायला ते चाकाशी बसले, मी ब्रेक ऑईल ओतत होतो. ब्रेक दाबायला कोणीच नाही! आईनं पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"वयनी, दाबा... धरून ठेवा... आता सोडा!" काका चाकाजवळून सांगत होते.

काम झालं तरी ती उतरेना. स्टेअरिंगवर हात फिरवत म्हणाली, "मले शिकवशीन काय रे गाडी?"

साठाव्या वर्षी! मी लगेच हो म्हटलं. उद्या सकाळी पहिला धडा.

तुमच्यापैकी कोणी आईला गाडी शिकवली आहे का? सुरुवात कुठून करू?