हुडहुडी भरली की मला बोलवा

इस्पितळात नोकरी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. फिनेलच्या वासासारखे ते कपड्यांना चिकटून घरी येतात.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीतल्या एका छोट्या इस्पितळात ज्युनिअर डॉक्टर होतो. आमचे सर मुंबईहून शिकून आले आणि दुर्बिणीने मुतखडे काढू लागले. पण लोकांचा विश्वास बसेना. पालीच्या एका बागायतदारांनी पोट चाचपून विचारलं, "टाका नाही, पट्टी नाही. मग ऑपरेशन कोणाचं केलंत?"

सरांनी बाटलीतला खडा हातात दिला. तो उजेडात धरून ते हिरमुसले. "एवढासाच? मी बोंबललो त्या मानाने चिऱ्याएवढा तरी हवा होता!"

*

सरांना धास्ती एकच. क्वचित एखाद्याच्या खड्यातले जंतू रक्तात उतरतात आणि धडधाकट माणूस बघता बघता हातचा जातो. म्हणून ते प्रत्येक नातेवाइकाला बजावत, "हुडहुडी भरली की आधी मला बोलवा."

झालं! सावर्ड्याच्या एका बाईंनी नवऱ्याला हुडहुडी भरल्याचा निरोप धाडून सरांना भरल्या ताटावरून उठवलं. सर उष्ट्या हाताने धावत आले.

"आता बरे आहेत," बाई म्हणाल्या. "मी पंखा बंद केला."

*

मुंबईत मिलमध्ये असलेला सखाराम शिमग्याला गावी आला आणि खड्याने आडवा झाला. खडा छान निघाला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याची बायको माझ्याकडे पळत आली.

"डाक्टर, चला. देवान बोलावलान."

खोलीत उदबत्तीचा धूर. सखाराम खाटेसकट थडथडत होता आणि म्हातारा बाप हात जोडून उभा. गावात पालखी निघायच्या वेळेलाच पोराच्या अंगात आलं, म्हणून त्याने विचारलं होतं, "देवा, काय हुकूम?" दातखीळ बसलेला सखाराम कसाबसा बोलला होता, "डाक्टरला बोलवा."

अंग चटका बसावा इतकं तापलेलं, नाडी लागेना. मी मनातून पार घाबरलो. सर आले. सलाईन, इंजेक्शनं, ऑक्सिजन, सगळं झालं. दोन दिवस आम्ही त्याच्या उशाशी होतो. तिसऱ्या दिवशी त्याने पेज मागितली, तेव्हा सर खुर्चीत बसले.

घरी सोडताना सरांनी म्हाताऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. "अंगात वगैरे काही आलं नव्हतं. खड्यातले जंतू रक्तात गेले होते. थोडा उशीर झाला असता तर पोरगा गेला असता."

म्हाताऱ्याने सगळं ऐकून टेबलावर नारळ ठेवला.

"ता खरा हाय," तो म्हणाला. "पण तुमाला बोलवा म्हणून सांगितलान कोणी?"