पिकअपमधून निघालेली हळद

कोलकात्यात आलं की लोकांना म्हणे आधी हावडा पूल दिसतो. मला दिसली एक पांढरी पिकअप. विमानतळाबाहेर माझ्या धाकट्या बहिणीचे, नलूचे, यजमान प्रभाकरराव तिच्या बॉनेटवरून रुमाल फिरवत उभे होते. त्यांच्या मुलाच्या, अमेयच्या, लग्नासाठी मी थेट नाशिकहून आले होते. "कशा आहात सुमनताई" विचारायच्या आधी ते म्हणाले, "दार जरा हळू लावा हं."

प्रभाकररावांचा जन्म इथलाच. सॉल्ट लेकला नळ-पाइपांचं दुकान आहे. जुनी गाडी धूर ओकायची, खडखडायची, पण सांगाल तिथे जायची. ती विकून त्यांनी ही नवी डिझेल पिकअप घेतली. हिचा धूर दिसत नाही, कारण काजळी गाळून पोटात ठेवणारा फिल्टर हिला आहे. तो भरला की गाडी मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं जोरात पळवायची, म्हणजे काजळी आतल्या आत जळते. आता कोलकात्यात मोकळा रस्ता शोधणं म्हणजे कासवाच्या पाठीवर केस शोधणं.

शिवाय कंपनीने हिला दोनदा परत बोलावलं होतं. एकदा डिझेलची नळी सदोष निघाली म्हणून, एकदा ब्रेकचं काहीतरी बदलायचं म्हणून. "माहेरवाशीण आहे ती," नलू लुच्या (मैद्याच्या पुऱ्या) तळता तळता म्हणाली, "आणि हे मुराळी." दोन्ही वेळा कंपनीने माफीदाखल किल्लीला लावायची साखळी दिली होती. त्या दोन्ही प्रभाकररावांनी मला कौतुकाने दाखवल्या. मी म्हटलं, अजून चारदा बिघडली तर गळ्यात घालायला पुरतील. त्यांना ते आवडलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी अमेयला हळद लागली. मुलाची उष्टी हळद मुलीकडे जाते हे आपल्याकडेही आहे, पण इथे तिच्याबरोबर 'तत्त्व' जातं (मुलाकडून मुलीला पाठवलेली सजवलेली ताटं). साड्या, संदेश (छेन्याची मिठाई), दह्याची मडकी आणि साडी नेसवलेला, नथ घातलेला एक अख्खा रोहू मासा. मुलगी पारोमिता बागबाजारची. ती पहाटेपासून उपाशी होती आणि बाराच्या आत तिला हळद लागायला हवी होती. नलूने सांगितलं, टॅक्सी करा. प्रभाकरराव म्हणाले, "घरची गाडी असताना?" झालं. ते चालवायला बसले, मी शेजारी मांडीवर हळदीची वाटी घेऊन, आणि नवरी मासोळी मागे हौद्यात.

उल्टाडांग्याच्या गर्दीत डॅशबोर्डवर नारिंगी दिवा लागला आणि गाडीचा जीवच गेला. पाय कितीही दाबला तरी ती रांगायला लागली. प्रभाकररावांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, फिल्टर भरलाय. वीस मिनिटं साठच्या वेगाने चालवा."

"मी उल्टाडांग्याला आहे."

"मग सर, मोकळा रस्ता निवडा."

आणि या गृहस्थांनी निवडला की हो! गाडी वळवून विमानतळाच्या दिशेने घातली. मी म्हटलं, "बागबाजार तिकडे राहिलं ना?" तर म्हणाले, "दिवा विझवून लगेच येऊ." एक्स्प्रेसवेवर गाडी कशीबशी धाप लागेपर्यंत पळवली. मागे माशाचा पदर फडफडत होता आणि ट्रकवाले वाकून वाकून बघत होते. नवरीला न्हाऊ घालायची हळद आम्ही तिच्या घरापासून लांब लांब नेत होतो, काजळी जाळायला. एवढ्यात पुढे एक कंटेनर आडवा झाला, वेग पडला आणि दिवा तसाच राहिला. परत फिरताना डमडम स्टेशनजवळ गाडी बंद पडली.

"चला, टॅक्सीने जाऊ," मी म्हटलं.

"हिला टाकून कसा येऊ? टो करणारा येईपर्यंत मालकाने जवळ थांबायचं असतं. नाहीतर वॉरंटी जाते."

"प्रभाकरराव, मुलाची हळद आहे."

"तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

मला असा संताप आला की वाटलं, हळद तिच्याच काचेला फासावी. टॅक्सीवाल्याने बाराच्या आत पोचवायला साफ नकार दिला आणि मेट्रोचा जिना दाखवला. वाटी पिशवीत घातली, बाकीची ताटं गाडीतच ठेवून माशाचं तेवढं उचललं आणि निघाले. तपासणीच्या दारात रक्षकाने मला थांबवलं, कापड बाजूला केलं आणि नथ पाहून त्याचा चेहराच बदलला.

"गाये होलुद (हळदीचा विधी)? मुलाकडच्या का तुम्ही?"

"हो. आणि उशीर झालाय."

"मासा न्यायला बंदी आहे," तो म्हणाला आणि ताट स्वतःच्या हातात घेऊन मला फाटकाच्या आत सोडून आला. डब्यात बायकांनी जागा दिली आणि एकीने माशाच्या निऱ्याही नीट केल्या. श्यामबाजारला उतरून रिक्षा केली.

दारात पारोमिताचे आजोबा, दादू, हातावर शाल घेऊन उभे होते. व्याह्यांना पांघरायची शाल. माझ्या मागे कुणी नाही हे त्यांनी पाहिलं.

"व्याही कुठे?"

"गाडीपाशी थांबलेत."

"कुणाला लागलंय?"

"नाही. दिवा लागलाय."

दादू म्हणाले, "आमच्या पूर्वजांनी बर्गींना (मराठे घोडेस्वारांना) अडवायला इथे खंदक खणला होता. उगाच खणला. तुम्हाला अडवायला एक दिवा पुरतो." सगळे हसले, मीही हसले. पण शाल त्यांनी पुन्हा कपाटात ठेवली तेव्हा मला फार लागलं. शंख वाजले, बायकांनी उलू (जीभ हलवून काढलेला मंगल नाद) केला आणि बाराच्या आत पोरीला हळद लागली. मुलाच्या बापाची जागा मात्र मोकळी होती.

प्रभाकरराव संध्याकाळी टॅक्सीने लग्नाला आले. फिल्टर स्वच्छ होता म्हणे. तो भरलाय असं गाडीला उगाचच वाटत होतं. कंपनीचा तसा निरोपही आला होता: या दोषासाठी गाडी पुन्हा परत आणावी. दादूंनी त्यांना शाल दिली, पण घडी न मोडता, हातात.

परतीच्या दिवशी त्यांनी मला टॅक्सीने विमानतळावर सोडलं. गाडी माहेरी होती. वाटेत मी मनात म्हणत होते, धूर ओकणारी ती जुनी गाडी निदान माणसाला दारापर्यंत तरी न्यायची. उतरताना त्यांनी विचारलं, "सुमनताई, त्या दिवशी दारात माझी वाट बघत होते का हो?"

"शाल हातावर घेऊन."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. तोच गोड आवाज मला शेजारी ऐकू आला. आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल, सर?

"सुनेच्या हळदीला मी नव्हतो," प्रभाकरराव म्हणाले. "त्याचे किती लिहिता?"

"सर, एक ते पाचमधलाच आकडा सांगा."

मी आत गेले आणि काचेतून मागे पाहिलं. ते फोन कानाला लावून तसेच उभे होते. आकडा सांगत नव्हते आणि फोनही ठेवत नव्हते.