बाबारावांच्या बुलेटचे टॅपेट

नेरच्या बाबाराव मनवरांना कुणी चार शब्द बोललं तर ते सोडून द्यायचे. पण त्यांच्या बुलेटला 'भंगार' म्हटलं की संपलंच! शहाऐंशी सालची गाडी. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. नवी पोरं ऐटीत चक्कर मारायला न्यायची आणि ब्रेक समजून गिअर दाबायची. बाबाराव पोट धरून हसायचे. पंचायत समितीत हातपंप दुरुस्तीला होते, तेव्हा याच गाडीवर सगळा तालुका पालथा घातला. आणि दर दसऱ्याला पत्नी मथुराबाईंना मागं बसवून यवतमाळ, कळंब, वर्धा करत नागपूर, दीक्षाभूमी. एसटीनं म्हणून कधी गेले नाहीत.

यंदा मात्र दीपानं मोडता घातला. पोरगी यवतमाळला नर्स. फोनवर एकच गोष्ट तिला तीनदा सांगावी लागली, तेव्हा ती तडकली.

"बाबा, आधी कान तपासा. तुमाले आयकू येत नसन तं मी आईले गाडीवर बसू देनार नाई."

"माहे कान ठणठणीत हायेत," बाबाराव म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. हट्टी माणूस! म्हणून दसऱ्याच्या आधीची सर्व्हिसिंग यंदा त्यांच्या इभ्रतीचा सवाल होऊन बसली.

घरासमोर पाट मांडून त्यांनी ऑइल बदललं, चेन धुतली, प्लग घासला. राहिले टॅपेट, इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे. आवळले तर व्हॉल्व्ह जळतात, ढिले सोडले तर इंजिन खडखडतं. मधे कुठंतरी बारीकशी टिकटिक राहू द्यायची. बाबारावांची रीत ठरलेली होती. थंड इंजिनाला पाना लावायचा, आतली सळई दोन बोटांनी फिरवून बघायची, मग गाडी चालू करायची आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. बोटं म्हणाली, बरोबर आहे. कानाला काहीच लागेना. बाबारावांचा सगळा भरवसा कानावर. वाटलं, जास्तच आवळलं गेलं. इंजिन निवू दिलं, थोडं ढिलं केलं. तरी टिकटिक नाही. आणखी ढिलं केलं.

तिसऱ्यांदा किक मारली तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीतून टपरीवाला धनसिंग बाहेर आला. बाबारावांच्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "बाबारावजी, गाडी दुरुस्त करून राह्यले का भांडे फोडून राह्यले? गल्ली उठवली ना तुमी."

बाबारावांनी मान वर केली. टपरीवरची चार माणसं कानावर हात ठेवून हसत होती. त्यांना स्वतःला मात्र लांबून आल्यासारखी नुसती घरघर ऐकू येत होती. त्यांनी गाडी बंद केली आणि तिथंच पाटावर बसून राहिले. फार वाईट वाटलं हो त्यांना. गावोगावच्या हातपंपांचा बिघाड दांड्याच्या आवाजावरून सांगणारा माणूस तो!

मथुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. बाबाराव खाली बघत म्हणाले, "पोरगी खरं बोलते. माहा कान गेला."

"मले मालूम हाय."

"कव्हापासून?"

"दोन वर्सं झाले," मथुराबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "मागून ट्रक हॉर्न देते, तुमी हटत नाई. मंग मी तुमचा खांदा दाबतो. तव्हा तुमी गाडी बाजूले घेता."

बाबारावांना आठवलं. मागल्या दोन्ही दसऱ्यांना वर्ध्याच्या रस्त्यावर त्यांनी तिला दहादा म्हटलं होतं, भिऊ नको, मी हाय ना. आणि ती काही न बोलता मागून येणाऱ्या ट्रकची चाहूल घेत बसली होती. डोळे भरून आले त्यांचे. लपवायला तांब्या तोंडाला लावला.

"काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी गाडीवर बसनं सोडलं असतं."

इंजिन थंड झालं. मग बाबाराव म्हणाले, "यंदा एसटीनं जाऊ. दीपाले फोन लाव, कानाच्या डॉक्टरचा नंबर लावून ठेव म्हन."

"लावतो. पन हे अर्धं सोडू नका. रातभर तळमळत बसान."

बाबारावांनी पाना उचलला, मापानं फिरवला आणि किक मारली. या वेळी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला नाही. ते मथुराबाईंच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि अजून जमलं नाही म्हणून मान हलवली. त्यांनी गाडी बंद केली, आणि इंजिन निवायची वाट बघत दोघं पाटावर शेजारी बसली.