खळ्यावरचे बूट

माझी अक्कल आणि मी सहसा एका गाडीने प्रवास करत नाही. मी आधी पोचतो, ती मागाहून येते. लग्नाची मागणी घालायला मी कळंबजवळ एका मुलीच्या गावी गेलो, त्या रविवारीही आमचं असंच झालं.

तेव्हा मी खालापूरजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात तपासनीस होतो. जन्म पुण्यातल्या पेठेतला, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढणं मला नोकरी लागण्याआधीच येत होतं. कारखान्यात आत जाताना बाहेरचे बूट काढून तिथले पांढरे जोडे घालावे लागत. कुणी विसरला की मी त्याला चारचौघांत झापायचो. "स्वच्छता काय असते, कळतं का?" हे माझं ठेवणीतलं वाक्य होतं. ती मुलगी तिथल्याच प्रयोगशाळेत होती. रोज गावाहून दहिवलीला यायची आणि तिथून कंपनीची बस पकडायची. मी दहिवलीतच खोली घेऊन राहत होतो. दोन वर्षं एकाच बसमध्ये शेजारी बसल्यावर जे व्हायचं ते झालं.

"बाबांना तूच येऊन विचार," ती म्हणाली. "मी आधी काही बोलणार नाही. फक्त नीट बोल. ते एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नाहीत. आत्याने आणलेल्या स्थळाला नाही म्हणाले, आत्या वर्षभर रुसली, तरी नाहीच."

म्हणजे संधी एकच. मी आठवडाभर आरशासमोर भाषण पाठ केलं. मित्राची पांढरी गाडी मागून आणली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि नवेकोरे चामडी बूट. आरशातला माणूस मला फारच पसंत पडला. तिथेच घात झाला.

नाक्यावर चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवून मी तिच्या बाबांचं घर विचारलं. मोटरसायकलवर रेलून बसलेला एक गृहस्थ लगबगीने उठला आणि न विचारता गाडीचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसला. रविवारी पांढऱ्या गाडीतून गॉगलवाला आला आणि शेतकऱ्याचं घर विचारू लागला, तर आमच्या भागात त्याचा एकच अर्थ होतो: जमिनीचं गिऱ्हाईक. कळंबच्या रस्त्याला निम्म्या शेतांना कुंपणं पडलीत आणि फाटकांवर फार्महाउसांची फुलाफुलांची नावं लागलीत, ती अशाच रविवारांची.

"मागं डोंगर, बाजूला ओढा, रस्ता टच, शेठ," तो म्हणाला, तेव्हा कळलं की हा जमिनीचा एजंट. "म्हातारा ऐकत नाय कुनाचं. पन तुमी बोलून बघा."

त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. पण तोंडात गुटख्याचा तोबरा भरलेल्या अनोळखी माणसाला 'मी त्यांची मुलगी मागायला आलोय' असं सांगणार कसं? मी नुसतं "हं" म्हणालो. त्या "हं"वर त्याने फोन लावला आणि सगळ्या गावाला कळवलं, "पार्टी आनलीय."

घरापुढे खळं होतं. दुसऱ्या दिवशी भाताची झोडणी, म्हणून सकाळीच शेणाने सारवलेलं, अजून ओलंच. एका बाजूला भाताचे भारे रचलेले. यातलं मला तेव्हा काहीच दिसलं नाही. मला दिसली फक्त पडवीत उभी असलेली ती आणि खळ्याच्या पलीकडे उभे असलेले तिचे बाबा. हात पुढे करून, हसतमुखाने, मी नाकासमोर चालत गेलो. एजंटसुद्धा चपला हातात घेऊन कडेकडेने आला. तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, लाजली.

बाबांनी माझा हात घेतला नाही. "जमीन विकायची नाय," ते म्हणाले. "मागं आले त्यांनाबी हेच सांगितलं."

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. "अजिबात विकू नका!"

एजंट माझ्याकडे बघतच राहिला. मला मात्र सूर सापडला होता. जन्मभर त्या जमिनीत राबलेल्या माणसाला मी पाच मिनिटं जमिनीचं महत्त्व समजावून सांगितलं. माझं स्वतःचं शेतीचं ज्ञान भाजीवाल्याच्या गाडीपाशी संपतं. पडवीत ती मटकन खाली बसली.

माझं संपल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "झालं? आता जरा मागं बघा."

मी वळून पाहिलं. ओल्या खळ्यावर माझ्या नव्या बुटांचे ठसे उमटले होते. बुटाच्या कंपनीचं नावसुद्धा वाचता येत होतं.

"वर्साचं भात पडतं हितं. पायतान घालून आमी खळ्यात येत नाय," बाबा म्हणाले. "आनि ज्यानं खळं बिघडवलं त्यानंच सारवायचं, अशी आमच्यात रीत हाय. पावना असला तरी."

ती शेणाची बादली घेऊन आली. चेहरा अगदी गंभीर. बादली ठेवताना हळूच म्हणाली, "स्वच्छता काय असते, कळतं का?"

मी बूट काढून पडवीपाशी ठेवले, बाह्या दुमडल्या आणि बसलो. एजंट कळवळला, "शेठ, तुमी कशाला? मी सारवायला बाई बघतो." मी ऐकत नाही असं पाहून तो कंटाळला आणि नाक्याकडे चालता झाला. मी शेणात पाणी ओतलं. ते ओघळत भाऱ्यांकडे निघालं.

"पानी कमी! पेज नाय करायची!" बाबा ओरडले. मग जवळ येऊन उकिडवे बसले. "हात असा फिरवा. अर्धा गोल. वायला वायला नको, एकात एक." थोड्या वेळाने "फिरवा"चं "फिरव" झालं. कोपरापर्यंत माखलेलो असतानाही ते माझ्या लक्षात आलं आणि उगाच बरं वाटलं.

सारवून झालं तोवर पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं. हात तसेच धरून मी म्हणालो, "मला जमीन नको आहे. मला हिच्याशी लग्न करायचंय. तिची तयारी आहे. तुम्हाला विचारायला आलो होतो, पण नाक्यावर सांगायची लाज वाटली."

"जमीन घेनारा मानूस शेनात हात घालत नाय रं," बाबा म्हणाले. "अर्धं खळं झालं तवाच कळलं मला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"अर्धं ऱ्हायलं होतं."

मी हसणार होतो, पण ते हसत नव्हते. पडवीकडे बघत होते. "जमिनीला नाय म्हटलं का जमीन जागेवर ऱ्हाते," ते म्हणाले. "पोरीचं तसं नाय. हो म्हना, नाय म्हना, जातेच." आणि घरात निघून गेले.

तिने माझ्या हातांवर तांब्याने पाणी घातलं.  आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. इतका वेळ मी स्वतःच्याच फजितीत दंग होतो. या माणसाकडे काय मागतोय, ते मला आत्ता कळत होतं. निघावं म्हणून पडवीपाशी गेलो तर बूट जागेवर नव्हते. बाकाखाली पाहिलं, भाऱ्यांमागे पाहिलं. कुत्र्याने नेले असतील म्हणून कुत्र्याकडेही संशयाने पाहिलं.

आतून बाबांचा आवाज आला. "बूट ऱ्हाऊ दे हितंच. उद्या झोडनी हाय, सकाळी ये. बूट लागनार नाय."

ती रडायलाच लागली. मग हसली. दहिवलीपर्यंत मी अनवाणी गाडी चालवली. महिनाभर मित्राच्या गाडीला शेणाचा वास येत होता, आणि त्याबद्दल तो अजून मला बोलतो.

लग्नानंतर आम्ही दहिवलीलाच राहिलो. दरवर्षी झोडणीच्या आधी खळं सारवायचं काम माझ्याकडे असतं आणि दरवर्षी बाबा त्याचे कोपरे नापास करतात. बूट बाबांच्या घरी माळ्यावर गेले. मी मागितले की ते मान वर न करता म्हणत, "कशाला? कुठं जायचंय?"

गेल्या वर्षी मला पुण्याच्या एका कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं. हुद्दा मोठा होता, आम्हा दोघांचं ठरत नव्हतं, म्हणून बाबांच्या कानावर घातलं नव्हतं. पण गावात गुपित टिकत नाही. झोडणीच्या आदल्या दिवशी गेलो तर खळ्याच्या कडेला माझे बूट ठेवलेले. खोबरेल लावून पुसलेले. बाबा भारे मोजल्यासारखं करत पाठमोरे उभे होते.

"ने आता," ते म्हणाले. "लागतील तुला."

ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने पुण्याला नको, अशी मान हलवली. मी बूट उचलून पडवीत ठेवले आणि बादली घेतली.

"उद्या झोडणी आहे," मी म्हणालो. "बूट लागणार नाहीत."

त्यांनी नीट रचलेला एक भारा पुन्हा नीट केला. मग पाठमोरेच म्हणाले, "मंग पानी कमी घाल. मागल्या वर्साला पेज केली होतीस."