अंगणातली ॲमेझॉन

२०१६च्या हिवाळ्यात उधव्याजवळच्या आमच्या शाळेत प्रदर्शन ठरलं. भूगोलाची बाई म्हणून मी उत्साहाच्या भरात म्हणाले, "आम्ही अंगणात ॲमेझॉन करू." मी वरोरची, समुद्रकाठची. नद्या आमच्या गावी आयत्याच पोहोचतात. त्या वाहवाव्या लागतात हे मला कुठलं माहीत!

आठ दिवस आधी मेथी पेरली. ते जंगल. पश्चिमेला विटामातीचा अँडीज पर्वत, पूर्वेला समुद्राचं घमेलं, मधे उपनद्यांसकट चर, दोन्ही टोकांना दिशांच्या पाट्या. शाळेचे शिपाईकाका डोंगरपट्टीतले शेतकरी. ते बघून म्हणाले, "बाई, पाणी उलटं जाईल."

"काका, नकाशात असंच आहे."

"नकाशात असंल. अंगणाला उतार मावळतीला हाय."

मी बादली ओतली. ॲमेझॉन जागेवर वळली, सरळ अँडीजवर गेली आणि अँडीज विरघळला. मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या, चिखलाकडे बघत म्हणाल्या, "साहेब तासाभरात येतील हं."

मग काका नि मी पदर खोचून, बाह्या सारून पर्वत उगवतीला नेला, समुद्र मावळतीला आणला आणि दिशांच्या पाट्यांची अदलाबदल केली. नदी झकास वाहू लागली.

तालुक्याचे साहेब आले. पाटी वाचली, वर बघितलं. "बाई, तुमच्याकडे सूर्य पश्चिमेला उगवतो?"

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, दिशा तिकडच्या हायेत. ब्राझीलच्या."

साहेबांनी ओठ दाबून घाईघाईनं मुलींना विचारलं, "बरं, तिथलं जंगल का कमी होतंय?"

पाठ केलेलं उत्तर एका मुलीनं खणखणीत सुरू केलं, "गुरांच्या चराईसाठी तिथे मोठ्या प्रमाणावर..." आणि थांबली. शेजारच्या घरची बकरी कधी आत शिरली कोण जाणे. उत्तर किनाऱ्यावरचं निम्मं जंगल तिनं फस्त केलं होतं. पुढचा पाय समुद्रात.

"...ही बघा, सर," मुलीनं उत्तर पूर्ण केलं.

साहेब इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'पर्यावरणाचं प्रात्यक्षिक उत्तम.' मुख्याध्यापिका बाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांनी मात्र मला अंगणभर फिरवून कुठं कसा उतार आहे ते दाखवलं, आणि मी वही काढून लिहून घेतलं.