पाहणी अपूर्ण

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी दर वर्षी दोन दिवस रिट्रीटला जाते आणि मावशी घरी राहतात. मणक्याच्या आजारानंतर त्या व्हीलचेअरवर असतात, नोएडात आमच्याच सोसायटीत, तळमजल्यावर. गेल्या वर्षी तिथला केक डब्यात घालून त्यांना द्यायला मीच गेले होते. ‘छान झालं का गं?’ एवढंच त्यांनी विचारलं. मी मेट्रोच्या दारात लोकांच्या हातात पत्रकं कोंबणारी मुलगी. रॅम्प हवा, लिफ्ट हवी, हा हक्क आहे, उपकार नव्हे. आणि त्या दिवशी ‘छान झालं’ म्हणून खाली मान घालून परत आले.

म्हणून या वर्षी जागा पाहणाऱ्या समितीत मी मावशींचं नाव सुचवलं. सगळे लगेच हो म्हणाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शनिवारी पाच जण निघालो. पाळक, सेक्रेटरी काका, काकू, मावशी, आणि गाडी चालवायला मी. काका केंद्र सरकारच्या एका खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, मावशी त्याच खात्यात स्टेनो होत्या. अजून त्या त्यांना साहेब म्हणतात, आणि मंडळीचं इतिवृत्त अजून काका सांगतात, मावशी उतरवतात. पानिपतच्या हायवेला लागताच काका म्हणाले, ‘या वेळी तरी जिंकून यायचं बरं का.’ दिल्लीतला प्रत्येक मराठी माणूस या रस्त्यावर हाच विनोद करतो. मावशी तरीही हसल्या. मी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

‘नको गं. तिथलं बाथरूम कसं असेल, काय माहीत.’

सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

रिसॉर्ट पानिपतच्या बरंच अलीकडे होतं. फाटकावर प्लास्टरचे दोन हत्ती, आत निळा पूल, आणि हॉलला चढायला सहा संगमरवरी पायऱ्या. कठडा नाही, उतार नाही. फोनवर मी तीनदा विचारलं होतं आणि मॅनेजर तीनदा ‘बिल्कुल, मॅडम’ म्हणाला होता. आता तो म्हणाला, ‘मॅडम की चाय गाडी में भिजवा देंगे.’

‘हां, ते बरं,’ काकू म्हणाल्या. ‘आम्ही पटकन बघून येतो हं, मावशी.’

‘मावशी बघायलाच आल्यात,’ मी म्हणाले.

‘अगं, मग उचलून नेऊ की,’ काका म्हणाले. ‘त्या चौघांनी पक्षाघाती माणसाला बाजेसकट येशूपर्यंत नेलंच ना? दारात गर्दी होती, तर छपरातून खाली सोडलं. इथे तर नुसत्या सहा पायऱ्या.’

पाळकांनी मान डोलावली. रविवारच्या उपदेशाला विषय सापडला असावा.

दोन वेटर आले. मावशींना कुणी काही विचारलं नाही. सोफा उचलावा तशी खुर्ची उचलली. काका खालून ‘लेफ्ट, थोडा लेफ्ट’ करत होते. तिसऱ्या पायरीवर खुर्ची कलली, मावशींची साडी गुडघ्यापर्यंत सरकली, आणि ती सारखी करायला खुर्चीचा हात सोडायची त्यांना हिंमत होईना. काकूंनी मोबाइल वर धरला. ‘मावशी, इकडे बघा. ग्रुपवर टाकते.’

 

‘भैया, नीचे रखो,’ मावशी म्हणाल्या. खुर्ची खाली आल्यावर त्यांनी आधी साडी सारखी केली, मग काकांकडे पाहिलं. ‘साहेब, त्या चौघांनी छप्पर उचकटलं होतं. तुम्ही एक फळी तरी मागितलीत का?’

काकांनी घड्याळ पाहिलं. ते तिघे पायऱ्या चढून आत गेले.

पायरी नसलेलं बाथरूम एकच होतं, जनरेटरमागे, ड्रायव्हरांचं. भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, दाराला कडी नाही. जमिनीवर जे साचलं होतं ते पाणीच असेल, असं मी मनाला बजावलं. ड्रायव्हरांनी रोज हेच वापरायचं, हे कुठल्या समितीने पास केलं होतं? मावशी आत असेपर्यंत मी बाहेरून दार ओढून धरलं. हॉलमधून काकूंचा आवाज आला, ‘यार, पनीर काय सॉफ्ट आहे!’

परतताना काकांनी सांगायला सुरुवात केली. ‘लिहा बाई. जागा पाहिली. सोय उत्तम. सर्वानुमते पसंत.’

‘माझा विरोध आहे,’ मी म्हणाले.

‘तू समोर बघून चालव,’ काकू म्हणाल्या.

‘आपण हा विषय प्रार्थनेत ठेवू,’ पाळक म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं मत. उताराला सिमेंट लागतं, ते मॅनेजरकडे मागायचं सोडून आम्ही देवाला कामाला लावणार होतो. आरशात मला मावशी दिसत होत्या. काका थांबल्यानंतरही त्या लिहीतच होत्या.

रविवारी उपासनेच्या शेवटी काकांनी तो कागद वाचला. ‘जागा पाहिली. सोय उत्तम.’ इथे ते क्षणभर अडखळले, कागदावरून नजर काढली आणि म्हणाले, ‘सर्वानुमते पसंत.’ कागदाची घडी खिशात गेली. ‘आता शेवटचं गीत.’

सगळे उभे राहिले. पेटी मावशी वाजवतात. त्यांनी भाता उघडलाच नाही.

‘घ्या बाई.’

‘साहेब, खालच्या दोन ओळी राहिल्या.’

‘त्या नंतर बघू.’

‘मग गीतही नंतर.’

गीताची पुस्तकं उघडून सगळी मंडळी उभी होती. बसावं की नाही, कुणाला कळेना. शेवटी काकांनी घडी उलगडली आणि फाइलवरचा शेरा वाचावा तशा आवाजात वाचलं, ‘समितीतील एक सदस्य पायऱ्यांमुळे आत जाऊ शकल्या नाहीत. सबब पाहणी अपूर्ण, जागा पसंत केलेली नाही.’

मावशींनी भाता उघडला.

पुढच्या शनिवारी दुसरी जागा पाहायची ठरलं आहे. ‘येताना टेप आण,’ मावशी मला म्हणाल्या, ‘दारं मोजू.’ तिसऱ्या पायरीवरचा तो फोटो मात्र अजून ग्रुपवर आहे, खाली जोडलेल्या हातांची रांग. काढून टाका म्हटलं, तर काकू म्हणाल्या, ‘अगं, सगळ्यांना किती आवडलाय.’