बनवणाऱ्याने आधी चढायचं

शिडीवाल्या बाईंना कोणी उद्योजिका म्हटलं की त्यांचं डोकं सणकायचं. "शिडीवाली म्हणा. शिड्या विकते मी, मोठे शब्द नाही." त्यांच्या घराण्यात आधी कोणी दुकान टाकलेलं नव्हतं. वडील हमाल, आई धुणंभांडी करणारी, आणि बाई स्वतः तरुणपणी रंगाऱ्यांच्या हाताखाली डबे चढवणाऱ्या मजूर.

धंदा सुरू झाला तो भांडणातून. भाड्याने आणलेल्या शिडीची पायरी एक दिवस मोडली आणि बाई थेट चुन्याच्या ढिगात. हात मोडला. तो गळ्यात अडकवून त्या तशाच दुकानदाराच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"या शिडीवर तुम्ही कधी चढलात का हो, शेठ?"

शेठ पेपर वाचत होता. वर न बघता म्हणाला, "मी कशाला चढू? मी विकतो."

बाईंनी त्याच्या सात पिढ्यांची खबर घेतली ती वेगळीच, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ज्याला पडायचं नाही त्याने विकायचं, आणि ज्याने पडायचं त्याने भाडंही भरायचं! प्लास्टर निघालं तशी त्यांनी मालकाशी भांडून घरी बसलेला एक सुतार गाठला आणि टायरच्या दुकानामागे पत्र्याची शेड घेतली. दोघंही तापट. त्यामुळे पहिली शिडी तिरकी झाली, कारण एक दांडा त्याच्या मताने कापला होता आणि दुसरा बाईंच्या. ती कोणी घेतली नाही. पण तिच्यावर उभं राहून बाई रंगकाम करू लागल्या, रंगाऱ्यांनी ते पाहिलं, आणि दुसरी शिडी सरळ झाली तेव्हा तिला गिऱ्हाईक तयार होतं.

शेडचा कायदा तेव्हाच ठरला. बनवणाऱ्याने आधी चढायचं, शेवटच्या पायरीपर्यंत. आणि विकणाऱ्याने त्या वेळी खाली उभं राहायचं. बनवणारा पडला तर विकणाऱ्याच्या अंगावर पडेल. शेडचा कारखाना झाला, कामगार वाढले, तरी कायदा तोच. हिशेबनीस नोकरीला आला तेव्हा त्यालाही एकदा चढवलं. तो वरून ओरडला, "बाई, मी आकडेमोड करायला आलोय!" "मग वरून कर," बाई म्हणाल्या, "स्वच्छ दिसेल."

चढला नाही तो फक्त एकजण. बाईंचा मुलगा.

विक्रीत त्याच्यासारखा माणूस नव्हता. गोड बोलायचा, गिऱ्हाइकाला फसवायचा नाही. आणि प्रत्येक शिडीखाली इमानाने उभा राहायचा, मान वर करून. पण चढायची वेळ आली की याला फोन आलेला असायचा. बाईंना वाटायचं, शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून नखरे करतो. त्यांचे गुडघे गेले होते, डॉक्टरांनी शिडी बंद करायला सांगितलं होतं. ("माझं पोट शिडीवर आहे, डॉक्टर." "पोट असू द्या तिथे, बाई. गुडघे जमिनीवर ठेवा.") कारखाना आता मुलाकडे द्यायचा होता. आणि बाईंच्या छातीत एकच धडकी होती: हा उद्या पेपर वाचत म्हणेल, मी कशाला चढू, मी विकतो.

त्यात त्याने नवीन टूम काढली. शिडीला वाळूची पोती टांगून ती वजन पेलते का ते आधी बघायचं.

"वाळूला भीती वाटते का रे?" बाई कडाडल्या. "शिडी कुरकुरली तर वाळू बोंब मारते का?"

"आई, अगं माणसाआधी वाळू पडलेली बरी ना?"

"आधी तू चढून दाखव. मग वाळूचं बघू."

एका सभागृहाच्या दिव्यांसाठी मिस्त्रीने, म्हणजे त्याच जुन्या सुताराने, उंच शिडी बनवली होती. मिस्त्री चढून उतरला होता. आता बाईंच्या हट्टाने होणाऱ्या मालकाने, म्हणजे मुलाने, चढायचं होतं. बाकीचे कामगार माल पोचवायला गेलेले, मागे उरली ती डबा घेऊन आलेली सून. मुलाने खिशातून फोन काढला.

"वाजला नाही तो," बाई म्हणाल्या. पदर खोचला आणि कोणी हात धरायच्या आत स्वतःच वर निघाल्या. चढल्या झोकात. वर पोचल्या आणि गुडघा जो अडकला तो अडकलाच.

"बाई, उतरा की," मिस्त्री म्हणाला.

"उतरते. हवा खातेय जरा."

बऱ्याच वेळाने मिस्त्रीच्या लक्षात आलं, इतकी हवा कोणी खात नाही. "अग्निशमनवाल्यांना बोलावू का?"

"खबरदार! शिडीवालीला उतरवायला दुसऱ्याची शिडी? त्यापेक्षा मी इथेच राहते. जेवण वर पाठवा."

मिस्त्रीने पायरीवर पाय ठेवला तसा वरून आवाज आला, "तू नको! तू माझ्याहून म्हातारा."

तेवढ्यात मुलाने फोन बायकोच्या हातात दिला आणि शिडी धरली. सून घाबरली. "अहो, घरातला दिवासुद्धा मी बदलते, तुम्ही कुठे निघालात?"

तो डोळे घट्ट मिटून चढला. पायरी चाचपत, ओठ पुटपुटत. बाई वरून बघत होत्या. घामाने त्याचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. पोचला तेव्हा त्याने त्यांचा घोटा असा पकडला, की कोण कोणाला वाचवायला आलंय ते कळेना.

"तुला वर भीती वाटते?"

"चक्कर येते. लहानपणापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"कोणाला सांगू, आई? शिडीवालीला?"

बाईंना असं हसू फुटलं, की गदगदा हलायला लागल्या.

"हसू नकोस! शिडी हलतेय!"

"माझी शिडी हलत नाही. चल. माझा गुडघा वाकत नाही, तुझे डोळे उघडत नाहीत. मी बघते, तू माझा पाय धरून खाली ठेव. डावीकडे... अरे, तुझ्या डावीकडे!"

एकमेकांना शिव्या देत मायलेक खाली आले. मुलगा जमिनीवर बसला. सुनेने पाणी आणलं, ते त्याने अर्धं अंगावर सांडलं. श्वास आला तसा उठला आणि शिडीच्या मधल्या पायरीला हात लावून म्हणाला, "ही जाणार नाही."

"काय?" बाई म्हणाल्या.

"इथे करकरली. दोघांच्या वजनाला. मिस्त्रीकाका, ही पायरी काढा."

"अरे, मिस्त्री चढला, मी चढले! मला काही ऐकू आलं नाही!"

"तू हसत होतीस. मी ऐकत होतो. सभागृहात दिवे घेऊन दोघं चढतील."

"उद्या त्यांचा टेम्पो येतोय!"

"रिकामा जाईल. त्यांच्या शिव्या मी खातो. नवीन पायरी बसली की आधी वाळू टांगू, मग माणूस चढेल. मीसुद्धा."

मिस्त्रीने सवयीने बाईंकडे पाहिलं. बाईंचं तोंड लाल झालं होतं. रागाने की कशाने, ते त्यालाही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ओळखता आलं नाही.

"माझ्याकडे काय बघतोस?" त्या त्याच्यावर खेकसल्या. "मालकाने सांगितलं ना? काढ पायरी!"